जॅकी रॉबिन्सन: कॉलेजात बेसबॉल सगळ्यात कच्चा होता
अमेरिकेचा नावाजलेला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन लहानपणापासून बेसबॉलचाच होता असं कुणी म्हणत असेल, तर तसं नाहीये. जन्म १९१९चा, जॉर्जियातला, पण वाढला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनात, आई लोकांच्या घरची कामं करून पाच पोरं वाढवत होती. थोरला भाऊ मॅक १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या शर्यतीत अमेरिकेचाच धावपटू जेसी ओवेन्सच्या मागे दुसरा आला, आणि घरी परतल्यावर त्याच गावात ऑलिंपिकचं जॅकेट घालून रस्ते झाडत होता!! हे वाचलं की अजून पोटात तुटतं. जॅकी पुढे यूसीएलएत (लॉस एंजेलिसमधलं विद्यापीठ) चार खेळ खेळला, १९४०ला लांब उडीत कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला, आणि बेसबॉलमध्ये बॅटिंग ॲव्हरेज फक्त .०९७, म्हणजे दहातला एक हिट पण धड नाही. १९४१ला डिग्री न घेताच कॉलेज सोडलं त्याने.