कोपऱ्यावरच्या इराण्याला महापालिकेने करसवलत द्यावी का?

धोबीतलावकर
धोबीतलावचं १९०४ सालचं इराणी हॉटेल कयानी अजून उभं आहे. तिथलंच बस्तानी मात्र गेलं. बंद पडलेल्या इराण्याच्या जागी बँक येते, नाहीतर औषधाचं दुकान. वकील, टॅक्सीवाला आणि कॉलेजातली पोरं एकाच संगमरवरी टेबलाला बसायची. जागा नसली की अनोळखी माणसासमोर ‘बसू का?’ म्हणत खुर्ची ओढायची. असं मॉलमध्ये होतं का? जुन्या हॉटेलांना मालमत्ता करात सूट द्या, अट एकच: चहा-ब्रून मस्का (कडक पाव-लोणी) परवडेल अशा भावात.

गल्ल्यावरचा
आमचंही हॉटेल होतं, म्हणून बोलतो. इराण्यांच्या पाट्या विसरलात? फार वेळ बसू नका, कॅशियरशी बोलू नका, केस विंचरू नका. टेबल रिकामं झालं तरच धंदा होतो, साहेब. आणि पहाटे उठून भट्टी पेटवायला पुढची पिढी तयार नाही. सूट मिळाली म्हणून मुलगा गल्ल्यावर येऊन बसेल?

धोबीतलावकर
केस विंचरू नका अशी पाटी लावावी लागली, म्हणजे लोक किती ऐसपैस बसत होते बघा!

लालबागची लेक
‘लोक’ म्हणजे पुरुष. आमच्या आईच्या पिढीतली बाई एकटी इराण्याकडे शिरली असती तर चार माना वळल्या असत्या. बायकांसाठी आत फॅमिली रूम. गिरणगावात माणसं जोडली ती खाणावळींनी. गावाहून एकट्या आलेल्या गिरणीकामगाराला दोन वेळचं जेवण, आणि गावाकडची खबरबातही तिथेच. ते रांधणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या चुलींना वारसा म्हणून कोणी सूट मागितली नाही.

डेक्कनवासी
आमच्या पुण्यातलं इराणी हॉटेल गुडलक १९३५ पासून चालू आहे, दारात रांग असते. चांगलं असेल ते टिकतं.

लालबागची लेक
रांग बन मस्क्याच्या फोटोसाठी. समोरच्याशी बोलतं कोण?

डेक्कनवासी
आम्ही बोलतो. तुम्ही मुंबईहून येऊन फोटो काढता.

धोबीतलावकर
खाणावळींनाही द्या की सूट, माझी ना नाही.

गल्ल्यावरचा
देणार कोणाला पण? आमच्यासारखी कित्येक हॉटेलं पागडीवर, म्हणजे इमारत दुसऱ्याची, आपण जुने भाडेकरू. मालमत्ता कर इमारतमालकाच्या नावावर, म्हणजे सूट त्याच्या खिशात. आणि पुनर्विकासाला इमारत काढतोही तोच.