सायकल दुरुस्तीसाठी भरवशाचे दुकान कसे ओळखावे?

चढाव
मंडळी, माझ्या गियरच्या सायकलची चेन नुकतीच बदलून घेतली; तरीही पेडलवर जोर दिला की चेन मागच्या दातांवरून सटकते, शिवाय मागचे चाक थोडे आऊट झाले आहे, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डोलते. ज्या दुकानात काम केले तेथे "चालवत राहा, बसेल" असे उत्तर मिळाले. जवळपास आणखी काही दुकाने आहेत, पण काम देण्यापूर्वी त्यांची पारख कशी करावी? सायकलच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक खर्च करायचा नाही.

कार्बनप्रेमी
कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राखेरीज कोठेही जाऊ नये. माझी सायकल कार्बनची असल्यामुळे तिचे स्क्रू ठरलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) आवळावे लागतात, आणि ज्या दुकानात टॉर्क पाना दिसत नाही त्या दुकानाची पायरी मी चढत नाही.

निवांत
ही सायकल विकून टाका आणि ज्या सायकलचे गियर मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्येच बंदिस्त असतात तशी घ्या. मी घेतल्यापासून दुकानाचे तोंड पाहिलेले नाही.

जुना पाना
धागाकर्त्यांनी खर्चाची मर्यादा सांगितली आहे, ती वर कोणी वाचलेली दिसत नाही. चेनचे 24 दुवे खिळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजले तर नव्या चेनमध्ये ते बरोबर 12 इंच भरतात. खिळे झिजले की ही लांबी वाढते, आणि अशी वाढलेली चेन बराच काळ चालवली की कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दातही तिच्यासोबत झिजतात. मग नवी चेन त्या दातांवर बसत नाही आणि जोर येताच उडी मारते. ती चालवून चालवून "बसेल" ही आशा व्यर्थ आहे. दुकानदाराला एवढेच विचारा, की चेन बदलण्यापूर्वी ती मोजली होती का आणि दात पाहिले होते का. ज्याला हा प्रश्न आगाऊ वाटेल, त्याला सायकल देऊ नका.

घसरगुंडी
डिरेलरचा (गियर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो भाग फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकला असेल. माझा वाकला होता, तेव्हा अगदी असेच होत होते.

जुना पाना
हँगर वाकला तर गियर नीट पडत नाहीत आणि चेन खडखडते. येथे ती जोर दिल्यावरच सटकते आहे. नेहमीच्या वापरातल्या एक-दोन गियरांवरच सटकत असेल, तर झीजच समजावी.

घसरगुंडी
तरीही हँगर तपासायला काय हरकत आहे?

थांबा_पुढे
माझ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एका दुकानाने मिनरल ऑइलऐवजी डॉट हा वेगळ्या जातीचा ब्रेक द्रव भरला आणि आतील सील निकामी झाली. तेव्हापासून बाटली स्वतः पाहिल्याशिवाय मी काम करू देत नाही.

निवांत
येथे ब्रेकचा विषय कोठून आला?

थांबा_पुढे
दुकानाच्या पारखीतून आला. कोणता द्रव लागतो हे पाहून मगच झाकण उघडणारा माणूस चेनही मोजून बदलेल.

फेरफटका
अधिकृत केंद्राबाबत सहमत. फक्त तेथे तारीख लवकर मिळत नाही, आणि मिळाली तरी आधी सगळी सायकल धुण्याचे पैसे लावतात.

चढाव
सर्वांचे आभार. सटकणे दोनच गियरांवर आहे आणि हँगर सरळ निघाला. नव्या कॅसेटचा खर्च मात्र माझ्या मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे आधीच्याच दुकानातून माझी जुनी चेन परत मागून घेतली आणि तीच पुन्हा बसवली. जुन्या दातांवर ती मुळीच सटकत नाही. चाकाचा आऊट कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यांनी काढला. त्यांनी रिमला हात लावण्यापूर्वी एकेक स्पोक दाबून पाहिला, म्हणून त्यांना काम दिले.

जुना पाना
अशाने पेडलजवळच्या पुढच्या चकतीचे दातही जातील आणि शेवटी तिन्ही वस्तू एकदम बदलाव्या लागतील.

चढाव
मान्य आहे. तोवर नवी चेन तेल लावून कपाटात ठेवली आहे.

घसरगुंडी
हँगर सरळ आहे हे उपकरण लावून पाहिले, की नुसत्या नजरेने?