एकाचे पाप आणि सगळ्या मंडळीचा पश्चात्ताप

प्रश्न (जिज्ञासू)
आमच्या मंडळीच्या खजिनदाराने अर्पणाच्या पैशांची अफरातफर केल्याचे हिशेबतपासणीत उघड झाले आणि त्याला पदावरून दूर करण्यात आले. आता वडीलमंडळाने सर्वांसाठी उपास व पश्चात्तापाची प्रार्थना ठरवली असून त्या वेळी यहोशवाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय, म्हणजे आखानाची गोष्ट, वाचली जाणार आहे. माझी अडचण अशी की ज्यांनी इमानेइतबारे दशांश दिला त्यांचीच तर फसवणूक झाली. मग क्षमाही त्यांनीच मागायची, हा कुठला न्याय? मुलाने बापाच्या अपराधाचा भार वाहायचा नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटलेले आहे.

उत्तर (पानवाचक)
आखानाची गोष्ट वाचणार असाल तर पूर्ण वाचावी. यरीहोच्या लुटीतले काहीही स्वतःसाठी घ्यायला मनाई असताना त्याने त्यातून शिनारी (बाबेली) झगा, दोनशे शेकेल (वजनाचे जुने माप) रुपे आणि पन्नास शेकेल वजनाची सोन्याची वीट उचलून आपल्या डेऱ्यात जमिनीखाली पुरून ठेवली, आणि त्यानंतर आय नगरावर चालून गेलेल्यांपैकी सुमारे छत्तीस माणसे मारली गेली. त्या छत्तिसांचा त्या झग्याशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही परमेश्वर यहोशवाला सांगतो की इस्राएलाने पाप केले आहे. एकट्या आखानाचे नाव तो घेत नाही. पुढे वंश, कुळ, घराणे असे करत शोध त्या एका माणसापर्यंत येतो. म्हणजे परिणाम सगळ्यांना भोगावे लागले, पण दोषी कोण हे ठरवण्यात मोघमपणा ठेवलेला नाही. तुमच्या वडीलमंडळाने निदान एवढे पाळावे. सगळेच पापी आहोत, असे म्हणून मूळ प्रकरणावर पांघरूण घालणे या अध्यायात बसत नाही. (शिक्षेत आखानाची मुलेही ओढली गेली, हे ‘बापाच्या अपराधासाठी मुलांना देहदंड देऊ नये’ या अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनाशेजारी (२४:१६) ठेवून वाचले की मला आजही खुपते, आणि त्याचे गुळगुळीत स्पष्टीकरण देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.)

उत्तर (जुना सभासद)
मला आखानापेक्षा करिंथची मंडळी अधिक जवळची वाटते. तिथे एकजण आपल्या बापाच्या बायकोशी संबंध ठेवून होता. त्या माणसाला बाहेर काढा, असे प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतोच. पण त्याआधी तो मंडळीलाच फैलावर घेतो: तुम्ही फुगला आहात, खरे तर तुम्ही शोक करायला हवा होता. थोडेसे खमीर सगळा गोळा फुगवते, हे वाक्यही त्याच ठिकाणी येते. त्या माणसाचे कृत्य मंडळीने केले, असे पौल म्हणत नाही. ते माहीत असूनही ती निवांत राहिली, याबद्दल तो तिला जाब विचारतो. म्हणून तुमच्याकडे विचारण्याचा प्रश्न असा की हिशेब वेळेवर मांडला जात नाही हे किती जणांना ठाऊक होते, आणि ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून किती जण गप्प बसले?

उत्तर (इतिहासप्रेमी)
याची दुसरी बाजू चर्चच्या इतिहासात आहे. सन ३०३ पासूनच्या रोमन छळात काही धर्मपुढाऱ्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले होते. कार्थेजचा बिशप सेसिलियन याच्या दीक्षाविधीत अशा एका आरोपीचा हात असल्याचे सांगून उत्तर आफ्रिकेतील डोनाटपंथीयांनी (चर्चपासून फुटून निघालेल्या गटाने) त्याला आणि त्याच्याशी सहभागिता ठेवणाऱ्या सर्वांना विटाळलेले ठरवले. सन ३१४ च्या आर्ल येथील धर्मसभेने हे म्हणणे फेटाळले, आणि पुढे संत ऑगस्टीन यांनी शेतातल्या निदणाच्या दृष्टान्ताचा (गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्यावे) आधार घेत मांडले की दुसऱ्याच्या पापाला संमती न देता त्याच्यासोबत एका चर्चमध्ये राहणाऱ्याला ते पाप डागाळत नाही. तसेच बाप्तिस्म्याची सत्यता देणाऱ्याच्या चारित्र्यावर अवलंबून नसते. तेव्हा खजिनदार अप्रामाणिक निघाला म्हणून त्या काळात वाहिलेली तुमची अर्पणे देवापुढे रद्द झाली, अशी भीती कोणी घालत असेल तर ती मनावर घेऊ नका.

जिज्ञासू
सर्वांचे आभार. संमती आणि सोबत यांतला हा फरक मला पटतो. तरीही ‘आम्ही पाप केले’ हे शब्द मी प्रामाणिकपणे उच्चारू शकेन का?

उत्तर (पानवाचक)
दानिएल संदेष्ट्याने उच्चारले. ज्याच्या कारभारात शत्रूंनाही दोष सापडला नाही, तोच आपल्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आपल्या लोकांच्या वतीने ‘आम्ही’ म्हणून कबुली देतो. ती स्वेच्छेने दिलेली आहे, कोणी त्याच्याकडून वदवून घेतलेली नाही. म्हणून उपासाची सक्ती होत असेल तर तिला हरकत घ्यायला तुम्ही मोकळे आहात.

उत्तर (जुना सभासद)
प्रार्थनेइतकेच पुढच्या व्यवस्थेकडेही लक्ष द्या. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला आणि कारणही लिहून ठेवले: प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो. हे दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. उपासाच्या दिवशी तोही अध्याय वाचावा, आणि यापुढे अर्पण मोजताना दोन माणसे बसतील, हिशेब दरमहा सभासदांपुढे येईल, असा ठराव त्याच बैठकीत मांडावा. सूचक म्हणून तुम्हीच उभे राहा.