मदत हवी आहे: मुंडावळ्या कपाळावर टिकत नाहीत

गौरीहर:
घरात डिसेंबरमध्ये लग्न आहे, मुहूर्त सकाळचा. नवरीला नऊवारी, अंबाडा, नथ, नवऱ्याला फेटा. मोत्यांच्या तयार मुंडावळ्या आणल्यात. बांधून पाहिल्या तर पुढची पट्टी केसांत वर सरकते आणि डावीकडचा सर नथीत अडकतो. त्यापेक्षा मोगऱ्याच्या करून घ्याव्यात का? आणि नवऱ्याच्या फेट्याच्या आत बांधायच्या की वरून?

सुईदोरा:
पट्टी वर सरकते म्हणजे गाठ अंबाड्याच्या वर बसतेय. दोरा कपाळावरून आडवा जाऊन कानांच्या वरून मागे उतरला पाहिजे आणि गाठ अंबाड्याखाली, मानेच्या खळग्याशी यायला हवी. मग डोक्याचा मागचा फुगवटाच दोऱ्याला अडवतो. तयार मुंडावळ्यांचे दोरे आखूड असले की बांधणारी बाई नाइलाजाने गाठ वर मारते. ते कापून प्रत्येक बाजूला 35-40 सेंमी सुती किंवा रेशमी दोरा जोडा. नायलॉन नको, त्याची गाठ आपोआप सैल होते.

आता माप. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कपाळावरून टेप धरा. बहुतेकांचं 28-30 सेंमीच्या आसपास भरतं. मोती त्याच्या 2 सेंमी अलीकडेच थांबले पाहिजेत. कानामागे मोती गेले की वजन मागे ओढतं, शिवाय पिनेला जागा उरत नाही. कानाच्या वर, दोन बोटं पुढे, दोऱ्यावर दोन काळ्या पिना फुलीसारख्या लावा. पिन दोऱ्यावरून जाऊ दे, मोत्यांमध्ये खुपसू नका. दोरा तुटला तर मोती मंडपभर. केस आदल्या दिवशी धुवा, ताज्या धुतलेल्या केसांवरून पिना घसरतात. कपाळावर तेलकट क्रीम असेल तर पावडरचा हात फिरवून मगच पट्टी बसवा.

नथीचं कारण बहुधा सराची जागा. हार घालताना मान खाली जाते, सर पुढे झुलतो आणि थेट नथीवर येतो. सर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून निदान दोन बोटं मागे सुटायला हवा. लांबी खांद्याच्या वर संपू दे. छातीपर्यंतचे सर फोटोत देखणे दिसतात, पण ठुशीत आणि हारात गुंततात. कानात लोंबत्या झुब्यांऐवजी कुड्या घातल्या तर एक गुंता कमी.

निशिगंध:
डिसेंबरात मोगऱ्याच्या नादी लागू नका. त्याचा बहर उन्हाळ्यातला. थंडीत मिळाला तर महाग आणि कळ्या बारीक. शिवाय मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणजे रात्री ओवलेल्या कळ्या सकाळच्या मुहूर्ताला उमलून मलूल झालेल्या असतात. निशिगंधाच्या बंद कळ्या घ्या, मध्ये शेवंतीची एकदोन छोटी फुलं. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, थंड जागी ठेवा; फ्रीजरमध्ये नको, कळ्या काळ्या पडतात. फुलांच्या मुंडावळ्या मोत्यांपेक्षा हलक्या असल्याने सरकतात कमी, पण पिनेजवळच्या कळ्या चुरगळतात, तेव्हा तिथे नुसता दोरा सोडायला सांगा.

शेमला:
फेट्याचं उत्तर: मुंडावळ्या आधी, फेटा नंतर. जेवताना किंवा होमाजवळ उकडलं म्हणून फेटा उतरवला तरी मुंडावळ्या जागेवर राहतात. फेट्याची कड मोत्यांच्या वर एक बोट ठेवायची. कड मोत्यांवर आली तर कपाळावर वळ उठतात आणि मोती दिसतही नाहीत.

सुईदोरा:
अंशतः सहमत. तयार, शिवलेला फेटा असेल तर तुमचंच बरोबर. डोक्यावर बांधायचा 8-9 मीटरचा फेटा असेल तर बांधणारा प्रत्येक वेढा ओढून बसवतो, त्यात आतला दोरा सरकतो. तिथे फेटा झाल्यावर वरून बांधा, गाठ शेमल्याखाली, म्हणजे फेट्याच्या मागे सोडलेल्या टोकाखाली, लपवा, आणि विधी संपेपर्यंत फेटा काढायचा नाही हे नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

गौरीहर:
फेटा बांधणारा येणार आहे, म्हणजे वरून. पट्टी आणि चंद्रकोर यांत किती अंतर ठेवू?

सुईदोरा:
एक बोट. आधी मुंडावळ्या पक्क्या करा, मग चंद्रकोर काढा. उलट केलं तर पट्टी खालीवर करताना कुंकू पुसतं. आणि सोडताना आधी पिना, मग गाठ.