भटका सॅलॅमँडर आणि डग्लस खार: तुलना कुठून सुरू करावी?

(पानगळ, ओली माती आणि बेचकी ही या चर्चेतल्या तिघांची टोपणनावं.)

पानगळ: कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवुड झाडांवर भटका सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) राहतो, त्याच जंगलात डग्लस खारही असते. प्रकल्पासाठी दोघांची तुलना हवी आहे. दोघांनाही चार पाय नि शेपूट, पुढच्या पंजाला चार बोटं, मागच्याला पाच. ‘एक उभयचर, एक सस्तन’ एवढ्यावर तक्ता संपतो. पुढे काय लिहावं?

ओली माती: कातडीपासून सुरुवात करा. या सॅलॅमँडरला फुप्फुसंच नाहीत. प्राणवायू ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून आत जातो. कातडी सुकली की श्वास अडतो. म्हणून तो उंच फांद्यांच्या बेचक्यांत, नेच्यांच्या मुळांशी साचलेल्या ओल्या कुजमातीत दडतो. अंगात उष्णता तयार करत नसल्यामुळे त्याला खाणंही थोडंच लागतं.

खार उष्ण रक्ताची. तिला हिवाळाभर जागं राहायचं असतं, त्यामुळे साठा लागतोच. ती सूचिपर्णी झाडांचे शंकू हिरवे असतानाच कुरतडून पाडते आणि सावलीत, दमट जागी रचते. कोरड्या जागी शंकू उमलतात आणि बिया गळून जातात. म्हणजे ओल दोघांनाही हवी: त्याला श्वासासाठी, तिला कोठारासाठी. तक्त्यात ही ओळ नक्की घ्या.

बेचकी: बोटांची संख्या जुळते, काम जुळत नाही. खारीचा पुढचा अंगठा खुरटलेला असतो, पकड नखांची. मागचा घोटा उलटा फिरतो, म्हणून ती डोकं खाली करून खोडावरून सरसर उतरते. सॅलॅमँडरला नखं नाहीत. त्याच्या बोटांच्या टोकांत रक्ताची पोकळी असते. पाऊल उचलण्याआधी ती भरते, टोक किंचित फुगतं आणि चिकटलेलं बोट सुटायला मदत होते, असं २०२५ च्या अभ्यासातून दिसतं.

पडण्याबद्दल लिहिणार असाल तर जपून. २०२२ मध्ये उभ्या वायुबोगद्यात (खालून वर वारा सोडणाऱ्या नळीत) हे सॅलॅमँडर पाय पसरून तोल सावरताना आणि पडण्याचा वेग १० टक्क्यांपर्यंत कमी करताना दिसले. पण त्यांना उडत्या खारीसारखा पडदा नसतो.

पानगळ: आभार! पिल्लांच्या रकान्यात ‘अंडी पाण्यात, मग डिंभक (बेडकाच्या भैरोळ्यासारखी पिल्लाची अवस्था)’ असं लिहिलंय. बरोबर ना?

ओली माती: नाही, खोडा ते. हा अंडी ओल्या पोकळीत घालतो आणि त्यांतून थेट चार पायांची पिल्लं निघतात. डिंभक अवस्था पाण्यात काढतो तो दार्जिलिंगकडचा हिमालयी सॅलॅमँडर. मोठेपणी त्याला फुप्फुसंही असतात. बहुतेक गफलत तिथूनच आली असेल. खारीची पिल्लं मात्र उघडी, आंधळी जन्मतात आणि काही आठवडे दुधावर असतात.

बेचकी: आणि शेकरूशी तुलना करायचा विचार असेल तर ‘एकाच जंगलातले’ हे शीर्षक काढावं लागेल. सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ (बिनपायांचे, गांडुळासारखे उभयचर) आहेत, सॅलॅमँडर नाही.