देशादेशांतली इंटरनेटची वाढ मोजायची कशी? आकडे जुळतच नाहीत

फोंड्याची_विद्यार्थिनी:
नमस्कार सगळ्यांना. एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय वेगवेगळ्या देशांत टेलिफोन आणि इंटरनेटचा वापर कसा वाढत गेला यावर. भारत, पोर्तुगाल, केनिया, यूएई आणि मकाव असे पाच घेतले, मकाव हा खरं तर चीनमधला वेगळा प्रदेश, पण घेतला एवढ्यासाठी की ते आपल्यासारखंच पोर्तुगिजांकडे होतं आणि तसंच लहान आहे. विषय घेताना वाटलं सोपं काम आहे, जागतिक बँकेच्या साईटवरून एक्सेल उतरवायची, आलेख काढायचे, झालं. आता पंधरा दिवस त्याच एक्सेलसमोर बसून आहे आणि डोकं चालेनासं झालंय.

पहिली अडचण म्हणजे मकावला शंभर माणसांमागे मोबाईल दोनशेच्याही वर दाखवतात. जगाचं बघितलं तर २०२४ ला शंभरामागे ११२ मोबाईल कनेक्शन्स, आणि त्याच वर्षीच्या अंदाजात इंटरनेट वापरणारे फक्त ६८ टक्के. आता माणसांपेक्षा मोबाईल जास्त असतील तर मग बाकीचे ३२ टक्के कोण?

दुसरी अडचण घरचीच. मला भारताच्या भागात गोव्यावर दोन पानं लिहायची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) मिळालं की गोव्यातल्या ७३.७ टक्के बायकांनी आणि ८२.९ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलंय, देशात हेच बायकांचं ३३.३ आणि पुरुषांचं ५७.१. वाचून बरं वाटलं. पण टेलिडेन्सिटी, म्हणजे शंभर माणसांमागे फोन किती, ते बघायला ट्रायचं (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं) मासिक पत्रक उघडलं तर त्यात गोवा नाहीच, वरून खाली दोनदा बोट फिरवून बघितलं.

सरांनी सांगितलेलं की दोन तरी वेगळे सोर्स घे आणि ताडून बघ. मी जागतिक बँक आणि आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) घेतले, ते दशांशापर्यंत जुळले, म्हणून तेवढा भाग तरी पक्का समजून बसलेय. कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा कुठल्या आकड्यावर उभं राहायचं.

---

म्हापशाचा_एक्सचेंजवाला:
बाय, आधी शेवटच्याचं सांगतो म्हणजे पुढे घोटाळा नको. ते दोन सोर्स नाहीत, एकच आहे. जागतिक बँक टेलिफोन-इंटरनेटचे आकडे आयटीयूकडूनच घेते आणि आपल्या तक्त्यात मांडते, त्यामुळे दशांशापर्यंत जुळणारच. ताडून बघायचं तर देशाची घरोघरची पाहणी घे, म्हणजे तू घेतलीस ती आरोग्य पाहणी किंवा नमुना पाहणी. एक आकडा कंपन्यांच्या वहीतून येतो, दुसरा लोकांच्या दारातून, असे दोन समोरासमोर ठेवायचे.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, सुरुवात लाइनवर, शेवट एक्सचेंजमध्ये, म्हणून जुनं थोडं सांगतो, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आयटीयू ही संस्था १८६५ पासूनची, टेलिग्राफसाठी पॅरिसला सुरू झाली, आता संयुक्त राष्ट्रांच्या खाली जिनिव्हात आहे. फोनच्या काळात त्यांचं मुख्य माप एकच, शंभर माणसांमागे लाइनी किती. १९८५ ला आयटीयूने नेमलेल्या मेटलंड कमिशनचा अहवाल आला, त्यात एक वाक्य होतं की अख्ख्या आफ्रिका खंडात जेवढे टेलिफोन नाहीत तेवढे एकट्या टोकियो शहरात आहेत. आमच्याकडे तेव्हा नवीन कनेक्शनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, आणि ते वाक्य वाचून पहिल्यांदा कळलं की आपण जगाच्या कुठल्या टोकाला आहोत.

पण त्या मापात एक गोष्ट यायची नाही. आमच्या भागात एका गावात एकच फोन होता, दुकानात. मुंबईहून कोणाचा फोन आला की दुकानदार म्हणायचा धरून ठेवा, आणि त्याचा मुलगा चप्पल न घालता भाटातून पळत जाऊन त्या घरच्या माणसाला घेऊन यायचा, रिसिव्हर तोवर तांदळाच्या पोत्यावर आडवा ठेवलेला. वहीत ती एक लाइन. वापरणारी घरं चाळीस. म्हणजे तेव्हा आकडा माणसांपेक्षा कमी दिसायचा. पुढे पिवळे एसटीडी बूथ आले तेव्हाही तेच, एका बूथवर रात्री नऊनंतर रांग, मोजणीत ती एकच लाइन.

आता बरोबर उलटं झालंय. मोबाईलचा आकडा म्हणजे सिम आहेत, माणसं नव्हेत. एकाकडे दोन सिम, एक घरचं एक कंपनीचं, प्रीपेड असेल तर गेल्या तीन महिन्यांत वापरलेलं असलं की आयटीयूच्या मोजणीत येतं. मकावला कॅसिनोसाठी येणारे लोक सिम घेतात, सीमेपलीकडून रोज कामाला येणारे घेतात, ते सगळे वर मोजले जातात आणि खाली भागायला लोकसंख्या फक्त मकावच्या रहिवाशांची. आपल्याकडे दिल्लीचं बघ, टेलिडेन्सिटी दोनशेच्या वर, कारण दिल्ली सर्कलमध्ये, म्हणजे फोन परवान्याच्या दिल्ली विभागात, नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरीदाबादची सिमं येतात आणि भागतात दिल्लीच्या लोकसंख्येने. आयटीयू आता किती लोकांकडे स्वतःचा मोबाईल आहे तेही वेगळं देते, जगात १० वर्षांवरच्या लोकांत २०२४ ला ते सुमारे ८० टक्के. ११२ च्या शेजारी हा ८० लिही, तुझे ३२ टक्के कोण ते तिथेच दिसायला लागेल.

गोवा का नाही त्याचं कारण लायसन सर्कल. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई सोडून महाराष्ट्र आणि गोवा एकत्र धरलाय, आपण त्या आकड्यात आहोत पण गडचिरोली आणि नंदुरबारबरोबर मिसळून. त्यावरून गोव्याचं काही काढायला जाऊ नकोस, मन कितीही झालं तरी.

आणि एक, १९९९ च्या दूरसंचार धोरणात लक्ष्य होतं २००५ पर्यंत शंभराला ७ फोन आणि २०१० पर्यंत १५. आम्हाला तेव्हा १५ हा आकडा फार मोठा वाटलेला. मार्च २०१० ला प्रत्यक्षात ५२ च्या वर गेला. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं, खिशात शंभर रुपये असलेला माणूसही मोबाईल घेऊ शकला, मिस्ड कॉल द्यायचा आणि समोरचा उलट फोन करायचा. भारताच्या आलेखात ती रेघ का उभी चढते ते लिहिताना हे विसरू नकोस.

---

सत्तरीकरीण:
काकांनी वहीचं सांगितलं, मी दाराचं सांगते. मी तीन वेगवेगळ्या सर्वेंवर प्रश्नावली भरायचं काम केलंय, वाळपईपासून वर केरी-मोर्लेपर्यंत.

आधी प्रश्न कसा विचारलाय ते बघ. तू घेतलेला ७३.७ हा "आजवर कधी तरी इंटरनेट वापरलंय का" याचा आहे. आयटीयूचा जो टक्का आहे तो "गेल्या तीन महिन्यांत वापरलं का" याचा. एखादीने लॉकडाऊनमध्ये मुलाच्या शाळेसाठी दोन दिवस फोन हाताळला आणि नंतर कधीच नाही, तर पहिल्यात ती येते, दुसऱ्यात येत नाही. वयोगटही वेगळा, आरोग्य पाहणीत बायका १५ ते ४९ च्याच. पन्नाशीपुढच्या बायका त्यात नाहीतच, आणि आमच्या वाड्यावर फोनला हात न लावणाऱ्या बहुतेक त्याच. त्यामुळे हा आकडा पोर्तुगालच्या शेजारी ठेवून "गोवा पोर्तुगालच्या जवळ पोचला" असं लिहू नकोस, मनापासून सांगते.

आता एक प्रसंग, तो मला कधी विसरता येणार नाही. एका घरी साठीच्या आसपासची बाई सोप्यावर बसून काजूच्या बिया वेगळ्या करत होती. मी विचारलं मावशी इंटरनेट वापरता? ती म्हणाली, "ना गो बाय, तें भुरग्यांचें," म्हणजे ते मुलांचं काम. मी "नाही"वर खूण केली. पुढचे प्रश्न चालू असतानाच तिचा फोन वाजला, हात पदराला पुसून तिने उचलला तर व्हिडिओ कॉल, मुलगी बेळगावला दिलेली, नातू पलीकडून हात हलवतोय. कॉल संपल्यावर म्हणाली रोज या वेळेला येतो, नाही आला तर मला चैन पडत नाही. मी खूण खोडली आणि "हो"वर केली, पण माझ्या आधीच्या पन्नास घरांत मी किती "नाही" चुकीचे लिहिले असतील ते त्या रात्री झोपताना डोक्यातून जाईना. त्या फॉर्मवर व्हॉट्सअॅप, यूट्यूब अशी नावं घेऊन विचारायची सोयच नव्हती. नंतरच्या कामात होती, आणि त्यात होकार कितीतरी जास्त आले. एका वर्षात वापर "वाढला" असं कागदावर दिसलं असेल, प्रत्यक्षात प्रश्न सुधारला होता. देशांची तुलना करताना हे सारखं लक्षात ठेव, कुठल्या देशाने कधी प्रश्न बदलला.

आणि रेंज. २०२० ला आमच्याकडची मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून जायची, पावसात छत्री धरून एक भाऊ उभा आणि एक लिहून घेतोय. ती मुलं हिशोबात "इंटरनेट वापरणारी" आणि पणजीत घरात वायफाय असलेलीही "इंटरनेट वापरणारी". दोघांना एकच खूण.

---

पेडण्याचा_दुबईत:
मीही यात येतो, कारण मी स्वतःच तीन ठिकाणी मोजला जातो. एक सिम इथलं माझं, एक कंपनीचं, आणि एक गोव्याचं, ते फक्त बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलंय, आई महिन्याला रिचार्ज मारते. यूएईत शंभरामागे दोनशेच्या आसपास मोबाईल का, तर माझ्यासारखे किती आहेत ते एकदा मेट्रोत बसून बघावं.

इथे इंटरनेटचा टक्का जवळजवळ पूर्ण शंभर. पण इथून मी आईला व्हॉट्सअॅपवर कॉल लावू शकत नाही, मेसेज जातो, कॉल बंद आहे, वेगळं परवानगी असलेलं अॅप घ्यावं लागतं. पहिल्या वर्षी ते मला माहीत नव्हतं आणि घरी वाटलं मी फोनच करत नाही. तुझ्या तक्त्यात यूएई सगळ्यात वर येईल, ते बरोबरच आहे, पण त्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही. एखादा परिच्छेद तरी दे.

किमतीचंही बघ. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड कमिशनने ठरवलेलं की साधा ब्रॉडबँड महिन्याच्या दरडोई उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत यायला हवा, आधी हे लक्ष्य ५ टक्के होतं. डॉलरमध्ये किंमत बघितलीस तर भारत अतिशय स्वस्त दिसतो, उत्पन्नाच्या टक्क्यात बघितलंस तर चित्र वेगळं येतं, आणि केनियासाठी तर आणखीच. ब्रॉडबँड शब्दाचंही तसंच, आयटीयूला ब्रॉडबँड म्हणायला कमीत कमी २५६ केबीपीएस वेग पुरतो, आपल्याकडे २००४ ला तेवढाच होता, २०१३ ला ५१२ झाला आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. देशाचा स्वतःचा आकडा आणि आयटीयूचा आकडा एका रेघेत जोडू नकोस.

---

फोंड्याची_विद्यार्थिनी:
तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात, खरंच खूप खूप आभार. काका, तुमचं दुकानातल्या फोनचं मी सरांना वाचून दाखवलं, ते म्हणाले प्रस्तावनेत घे. एक शंका राहिली, वाढ कशात मांडू? टक्क्यात काढली तर गरीब देश सगळ्यात वेगाने धावताना दिसतात, म्हणजे २ चे ४ झाले की शंभर टक्के वाढ, आणि ८० चे ८५ झाले तर सव्वासहा.

---

म्हापशाचा_एक्सचेंजवाला:
वर्षांत मांड. एखादा आकडा एका ठिकाणी कोणत्या साली आला आणि दुसरीकडे कोणत्या साली, त्यातलं अंतर काढायचं. बघ, २०२४ च्या अंदाजात सगळ्यात गरीब देशांत इंटरनेट वापरणारे २७ टक्के होते. जग सरासरीने तिथे २०१० च्या सुमारास होतं. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचं अंतर. हे कोणालाही समजतं, आकडेशास्त्र न शिकलेल्यालाही. आणि मालिका सगळी एकाच वर्षाच्या आवृत्तीतून घे, जुन्या वर्षांचे आकडे आयटीयूवाले मागाहून दुरुस्त करतात, दोन आवृत्त्या चिकटवल्यास तर मध्येच खोटी पायरी दिसेल.

---

फोंड्याची_विद्यार्थिनी:
असंच करते. गोव्याची दोन पानं मात्र मला सोडवत नाहीत. आकडा नाही तर आमच्या वाड्यावरची चाळीस घरं मीच विचारून काढेन म्हणते, आयटीयूचा तीन महिन्यांचा प्रश्न आणि सत्तरीकरीण ताईंनी सांगितलं तशी अॅपची नावं घेऊन, आणि पन्नाशीपुढच्यांनाही. राज्याचा आकडा म्हणून नाही, फक्त प्रश्न बदलला की उत्तर किती बदलतं ते दाखवायला. चतुर्थीला सुट्टी आहे तेव्हा जाऊ का?

---

सत्तरीकरीण:
चतुर्थीत अजिबात नको! मुंबईचे, पुण्याचे, बाहेरचे सगळे घरी आलेले असतात, चार माणसांच्या घरात चौदा, तू कोणाला धरणार आणि कोणाला सोडणार. विसर्जन झाल्यावर आठ-दहा दिवसांनी जा, संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, तेव्हा म्हातारी माणसं सोप्यावर बसलेली असतात. आणि आधी जुना प्रश्न विचार, मग नावं घेऊन विचार, उलट केलंस तर फरक दिसणार नाही. दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या रकान्यात, शाईने लिही, नंतर मोबाईलवर भरते असं म्हणू नकोस. फॉर्म तयार झाला की इथे टाक, मी बघून देते.