आजीची आजी आया म्हणून विलायतेला गेलेली, तिकडच्या जनगणनेत सापडेल का?

दापोलीकर:
मंडळी जरा मदत हवी. आमच्या दापोलीच्या कॅम्पात साहेब लोक राहायचे, त्यातल्या एकाकडं आजीची आजी आया होती आणि पोरं सांभाळायला बोटीनं विलायतेला जाऊन आली असं घरात सगळेच सांगतात, साल १८८० च्या आगंमागं. साहेबाचं आडनाव आजी सांगायची ते इंग्रजीत लिहायचं कसं तेच कळत नाही. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एका गोऱ्या पोराचा पुठ्ठ्यावरचा फोटो आहे, मागं स्टुडिओचं नाव नि चेल्टनहॅम (इंग्लंडातलं गाव) छापलंय. बस, एवढंच. आपल्या जनगणनेत काय मिळेल का?

खाडीपट्टा:
इथल्या जनगणनेचा नाद सोडा, १८८१ ला मोजणी झाली खरी पण घराघराचे कागद ठेवलेच नाहीत, उरले नुसते आकडे. इंग्लंडात मोजणीदारांच्या वह्या जपल्यात. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री घरात जो होता त्याचं नाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, कामधंदा, जन्म कुठला, सगळं आहे. फॅमिलीसर्च म्हणून पूर्वज शोधायची वेबसाइट आहे, तिथं या वह्यांची सूची फुकट बघता येते, फक्त खातं उघडा.

हर्णैची माहेरवाशीण:
आयाला शोधू नका, पोराला शोधा! आयांची नावं कशीही लिहायचे, कधी नुसतं 'आया', कधी मालकाचंच आडनाव. गाव चेल्टनहॅम टाका (हिंदुस्थानातून रिटायर झालेले तिथं बरेच राहायचे) आणि जन्मठिकाणी बॉम्बे, इंडिया, ईस्ट इंडीज तिन्ही आलटून पालटून. साहेब इथं नोकरीवर असला तर तो त्या घरात दिसणारच नाही, मड्डम एकटी नाहीतर पोरं आजीकडं. घर सापडलं की पोराचा बाप्तिस्मा बघा, मुंबई इलाख्याच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, त्यात बापाचा हुद्दाही असतो.

दापोलीकर:
दोन रात्री जागलो. एक घर जुळतंय, म्हातारी, तिची सून नि तीन नातवंडं, मधला सहा वर्षांचा, जन्म बॉम्बे. पण आया नाही हो, स्वयंपाकीण नि मोलकरीण दोघी तिथल्याच.

खाडीपट्टा:
बोट लागली की बऱ्याच आयांचं काम संपायचं, मग परतीला दुसरं कुटुंब बघायचं. लंडनला ऑल्डगेटमध्ये त्यांच्यासाठी वसतिगृहच होतं. ती एप्रिलच्या आधीच निघाली असेल. फोटोतला पोरगा केवढा दिसतो?

दापोलीकर:
आत्ता भिंग लावून बघितलं. तोंड जरा उघडं आहे, वरचे पुढचे दोन दात पडलेत.